देवरामकाकांचे कोरे रुपये

हणमंतरावांच्या घरी चहाला गेलं, की बशीतला चिवडा संपायच्या आत एक प्रश्न पुढ्यात यायचाच. "बोला साहेब, कोरा रुपया कुठं मिळतो? टांकसाळीतून पडला तसा. अनसर्क्युलेटेड!" हा शब्द ते असा चघळून म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं तोंडात वेलदोडा आहे.

पाहुणा बिचारा म्हणायचा, बँकेत मिळत असेल. त्यावर हणमंतराव मान हलवायचे. "छे! पोत्यात रुपयावर रुपया आपटतो. पोतं उघडेपर्यंत राजाच्या नाकाला ओरखडे." मग जोहरी बाजारात? "सराफ? तो तराजूत ओततो हो. त्याला चांदी दिसते, नाणं दिसत नाही." मग पाहुणा हात टेकायचा आणि हणमंतराव खुर्ची पुढं ओढायचे. "कोरा रुपया मिळतो अशा माणसाकडं, ज्याचा त्या रुपयावर जीव जडलाय. जीव जडला की माणूस खर्चत नाही, हाताळत नाही, कापसात गुंडाळून पेटीत ठेवतो. आणि ती पेटी बाहेर येते केव्हा?" इथं बशीतला चहा भुरकायचा, रुमालानं मिशा टिपायच्या. "माणूस वर गेला की!"

पाहुणे हसायचे. हसणारच, चहा यजमानाचा असतो. आत स्वयंपाकघरात विजयमाला मात्र ओट्याला धरून उभी राहायची. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती कराडहून जयपूरला आली, राजा पार्कातल्या या भाड्याच्या घरात, तेव्हा हेच वाक्य ऐकून तीही हसली होती. आता तिला हसू येत नव्हतं. शी! माणसाच्या मरणावर कुणी चिवडा खातं का?

पण हणमंतरावांचा धंदाच मरणाचा होता. मुंबईच्या एका खाजगी विमा कंपनीची जयपूरला शाखा होती आणि माणूस गेल्यावर घरच्यांना मिळायचे ते पैसे देण्याचं काम यांच्या टेबलावर. इतर साहेब अशा घरी चपराशी धाडायचे. हणमंतराव स्वतः जायचे. पांढरा सदरा, हातात टोपी, चेहरा असा की वाटावं यांच्याच घरातलं कुणी गेलं. सुरुवातीला विजयमालाला याचा केवढा अभिमान! माहेरी गेली तेव्हा आईपाशी तिनं किती कौतुक केलं होतं, की आमच्या ह्यांच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही, परक्याच्या दुःखाला स्वतः धावून जातात.

मग ते तिलाही न्यायला लागले. "आत बायकांत पडदा असतो. मला पुरुषाला आत जाता येत नाही. तू चल, तेवढाच त्यांना धीर." ती गेली. पदर डोक्यावरून घेऊन त्या बायकांच्यात बसली, भाषा धड कळत नसतानाही त्यांच्याबरोबर खरी खरी रडली. घरी येताना टांग्यात हणमंतराव विचारायचे, आत कपाट होतं की पेटी, कुलूप जुनं की नवं, किल्ली कुणाच्या कमरेला. तिला वाटायचं, ऑफिसच्या कामाचं असेल. अगं बाई, इतकं भोळं असू नये माणसानं!

डोळे उघडले ते चौडा रास्त्यावरच्या एका घरी. तरुण बाई, नवरा गेलेला, तोंडावर हातभर घुंघट. पॉलिसीचा कागद काढायला सासऱ्याची जुनी पेटी उघडली, तर तळाला लाल कपड्यात गुंडाळलेले संस्थानी रुपये. हणमंतराव दारातून वाकले. विजयमालाने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिला धस्स झालं. मांजर दुधाकडं बघतं ना, तसं. मग आवाज खाली आणून ते हिंदीत म्हणाले, "बहनजी, ये पुराने सिक्के अब बाजार में नहीं चलते. मैं बदल देता हूँ. रुपये के बदले रुपया." ती बाई हात जोडून उभी राहिली. साहेबांचे उपकार कसे फेडू, म्हणाली.

त्यातल्या एका रुपयाला कलकत्त्याच्या शौकिनानं जे दिलं, त्यात त्या बाईचं वर्षभराचं भाडं निघालं असतं. विजयमाला नवऱ्याला म्हणाली, "अहो, ही शुद्ध फसवणूक आहे."

"फसवणूक कुठाय? रुपयाला रुपया दिला. बंद पडलेला घेतला, चालता दिला."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात याला आमच्याकडं!"

हणमंतराव भिंगातून मानही वर न काढता म्हणाले, "वितळून वाया जाण्यापेक्षा खाल्लेलं काय वाईट?"

आता यावर बोलायचं काय? निर्लज्जाला काही बोललं, की आपलं बोलणंच आपल्यावर उलटतं. त्या रात्री ते जेवायला बसले तेव्हा त्यांच्या बोटांकडं तिनं पाहिलं. स्वच्छ, नखं कापलेली, पावडर लावलेली बोटं. त्याच बोटांनी ते वरणभात कालवत होते.

देवरामकाका पोतनीस भेटले ते गणपतीत. जयपुरात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बँकेतली, लष्करातली, बदलीवर आलेली. सगळी एका गणपतीला जमायची. देवरामकाका मात्र बदलीवरचे नव्हते. तरुणपणी ग्वाल्हेरच्या टांकसाळीतून ते जयपूर संस्थानच्या टांकसाळीत आले आणि इथलेच झाले. आता संस्थान गेलं, टांकसाळ गेली, छातीत दमा तेवढा राहिला. मूलबाळ नाही. चांदपोलकडच्या एका गल्लीत दोन खोल्यांत ते आणि गिरिजाकाकू.

प्रसादाच्या पंगतीत काका गोष्ट सांगत होते. टांकसाळीत दर वर्षी नव्या सालाचा रुपया पडायला लागला, की साच्यातून सुटलेला एक रुपया ते फडक्यात झेलायचे, स्वतःच्या खिशातला रुपया तिथं ठेवायचे आणि दिवाळीच्या पाडव्याला बायकोनं ओवाळलं की तिच्या ताटात घालायचे. "कुणाचा हात लागायच्या आधी हिला! महाराजांच्याही आधी," काका खोकत खोकत म्हणाले.

"कसलं हिला!" गिरिजाकाकूंनी हात नाचवला. "ताटात टाकायचे आणि निरांजन विझायच्या आत उचलून कापसात गुंडाळायचे. मतलब, ओवाळणी माझी आणि पेटी ह्यांची! हात लावू द्यायचे नाहीत मेले. म्हणे, तुझे हात घामट."

सगळी पंगत हसली. हणमंतरावांच्या हातातला मोदक तोंडापर्यंत जाऊन थांबला. विजयमालाने ते पाहिलं आणि तिचं जेवणच संपलं.

पुढच्या रविवारपासून फेऱ्या सुरू. पिशवीत मोसंबी, तोंडात साखर. हणमंतराव काकांच्या उशाशी बसायचे, पाठीला तेल चोळायचे, टांकसाळीच्या गोष्टी विचारायचे. एकदोनदा आडून आडून सुचवूनही पाहिलं, की नाणी कुठं तरी नीट ठेवायला हवीत, काळ वाईट आहे. काका हसून म्हणायचे, "ती माझी कुठायत? हिची आहेत." संपलं. मग हणमंतरावांनी सुचवणं सोडलं आणि वाट बघणं धरलं. पिंडाभोवती कावळा घिरट्या घालतो. पण तो तरी पिंड मांडल्यावर येतो.

परतताना टांग्यात चौकशी. "आज खोकल्यात रक्त होतं का गं? तू आत होतीस, तस्त पाहिलंस का?" किंवा, "डॉक्टर काय म्हणतो? उन्हाळा काढेल म्हातारा?" अशा आवाजात, जसं कुणी विचारतं आंबे केव्हा उतरतील. विजयमाला टांग्याच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसायची. तरी त्यांच्या अंगाचा पावडरचा वास यायचाच.

मग ती जायचीच कशाला? हेच तर अवघड होतं. गिरिजाकाकूंचा तिला लळा लागला होता. आई कराडला, बोलायला माणूस नाही, आणि इथं एक म्हातारी दार उघडताच म्हणायची, "आलीस का गं विजू? केव्हाची वाट बघतेय." थालीपीठ लावायची. तिला हिंदीतल्या शिव्या शिकवायची, म्हणजे भाजीवाला फसवणार नाही. दुपारी काकूंचे पाय चेपता चेपता विजयमाला पोटातलं सगळं बोलायची, एक सोडून. काकू म्हणायच्या, "चाळीस वर्षं झाली इथं. आता मराठीत रागवायलासुद्धा माणूस उरला नव्हता. देवानं तुला धाडलं." देवानं! आपण इथं का येतो हे या बाईला कधी कळू नये, एवढंच विजयमालाचं मागणं होतं. पेटी जावो, रुपये जावोत, नवऱ्याला काय हवं ते मिळो. हे तेवढं कळू नये.

एकदा तिनं पाय आपटून सांगितलं, "मी येणार नाही आणि तुम्हीही जायचं नाही." हणमंतराव शांतपणे म्हणाले, "नको येऊस. मी सरळ म्हातारीलाच विचारतो, काका गेल्यावर पेटीचं काय करणार." ती गेली. पुन्हा गेली.

वैशाखात देवरामकाका गेले. हणमंतरावांनी काय धावपळ केली म्हणता! तिरडीचं सामान, लाकडं, ग्वाल्हेरच्या पुतण्याला तार, भटजी, सगळं. खांदा द्यायला पहिले. लोक म्हणाले, पोटचा मुलगा करणार नाही असं केलं. विजयमाला काकूंना कवटाळून बसली होती आणि कौतुक कानावर पडेल तसा तिच्या अंगावर काटा येत होता. तेरावा झाला, पुतण्या ग्वाल्हेरला गेला. काकू त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. "माझी माणसं इथं आहेत," असं त्या त्याला म्हणाल्या, विजयमालाच्या देखत.

पंधराव्या दिवशी दोघांना बोलावणं आलं. सकाळपासून हणमंतराव शीळ घालत होते. खिशात मऊ कापसाची पुडी आणि भिंग, दोन्ही घेतली. विजयमालाने मोसंबीच्या पिशवीला हात लावला नाही. आता मोसंबीची गरज नव्हती, हणमंतरावही ती विसरले होते.

काकूंनी दोघांना चटईवर बसवलं. कपाळ मोकळं, चेहरा ओढलेला, पण आज डोळ्यांत काही तरी उजेड होता. "विजू," त्या म्हणाल्या, "जायच्या दोन दिवस आधी ह्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, ही पोरं इतक्या लांबून येतात, आपल्यापाशी द्यायला काय आहे? ती पेटी विजूला दे. आपली लेक समजून दे." बोलता बोलता त्यांचा आवाज कापला. "मी म्हटलं, देते. पण अशी नाही देणार."

त्या आत गेल्या आणि ओवाळणीचं चांदीचं ताट घेऊन आल्या. वरचा रुमाल काढला. ताटभर रुपये. आरशासारखे लखलखीत.

"काल सगळी दुपार बसले होते," काकू म्हणाल्या. "काळपट झाले होते गं. काहींवर निळसर-जांभळी झाक आली होती, कशीशीच. लेकीला का असं मळकट द्यायचं? रिठ्यात भिजवले, चाळून घेतलेली राख लावली, वर रांगोळीनं घासले. एकेक हातात घेतला. चाळीस वर्षांची ओवाळणी, पण हातात पहिल्यांदा आली बघ. ह्यांना म्हटलं, आता काय करणार? लावलेच की घामट हात!" आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या हसल्या.

विजयमालाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती ताटाला हात लावणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला. माणसाचा वाटेना.

"घासलेत? राखेनं घासलेत?" हणमंतरावांनी भिंग काढलं, एक रुपया उचलला, टाकला, दुसरा उचलला. "अहो, काय केलंत हे? वाटोळं केलंत! ती झाक म्हणजे... अहो, तीच तर हात न लागल्याची खूण होती! ओरखडे बघा, ओरखडे! मोडीचे रुपये झाले सगळे! आठ महिने दर रविवारी मी काय..."

तिथं ते थांबले. पण जीभ सुटायची ती सुटली होती.

"आठ महिने दर रविवारी काय, हणमंतराव?" काकूंनी विचारलं.

"नाही, म्हणजे... तसं नाही काकू. मला म्हणायचं होतं, जुन्या वस्तू जपायला..."

काकू त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. त्यांच्या हातातल्या भिंगाकडं बघत होत्या, गुडघ्यावरच्या कापसाच्या पुडीकडं बघत होत्या. गल्लीत कल्हईवाला ओरडत गेला.

"मागायचे होतेत हो," काकू शेवटी म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. "ह्यांनी दिले असते. जिवंतपणी, आपल्या हातानं दिले असते. आणि न घासता."

हणमंतरावांनी भिंग खिशात घातलं. एवढंच. लाज वाटली असेल म्हणता? छे! मागितले असते तर मिळाले असते, याची हळहळ वाटली. तोंडावर स्वच्छ दिसत होती.

मग काकू विजयमालाकडं वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. काकूंनाही बहुधा तेच हवं होतं. पण इतक्या महिन्यांची घाण गिळून गिळून तिच्यात आणखी एक घोट गिळायला जागा उरली नव्हती.

"हो काकू. पहिल्या दिवसापासून."

"मोसंबी त्यासाठी?"

"हो."

"आणि माझे पाय चेपायचीस, बोलायचीस, ते?"

"ते नाही! देवाशपथ काकू, ते माझं होतं. ते खरं होतं."

गिरिजाकाकूंनी तिच्याकडं पाहिलं. "असेल," त्या म्हणाल्या. "पण आता ते मला कसं कळायचं?"

त्यांनी ताट उचललं आणि सगळे रुपये विजयमालाच्या पदरात ओतले. "घे. ह्यांचा शब्द आहे, मी मोडायची नाही. पण पुन्हा माझ्या दारी येऊ नकोस." आणि रिकामं ताट घेऊन त्या आत गेल्या.

टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. तो सुटला तशी हणमंतरावांनी विजयमालाच्या पदरात हात घातला आणि रुपये चाळायला लागले, तोंडानं चक् चक् करत. "सत्यानाश केला म्हातारीनं. चांदीच्या भावानं जातील फार तर. अडाणी ते अडाणी." ती काठीसारखी ताठ बसून होती. एकाएकी ते ओरडले, "अरे वा! देव पावला! हा बघ, एक सुटलाय. नजर चुकून राहिला! टांकसाळीतून पडला तसा आहे, वर झाकही शाबूत." कडेनं धरून त्यांनी रुपया उन्हात वर केला. चेहरा कसा फुलला होता! माणसाचं मढं जाळून धड पंधरा दिवस झाले नव्हते आणि हा माणूस लहान पोरासारखा हसत होता. "बरं झालं, आठ महिने अगदीच फुकट नाही गेले. आणि ऐक, बनी पार्कातला तो म्हातारा कर्नल, तोही आता..."

"तो रुपया द्या इकडं."

"काय?"

विजयमालाने त्यांच्या बोटांतून रुपया ओढून घेतला, सगळ्या रुपयांना पदराची गाठ मारली. "भैया, रोको!" टांगा थांबला. ती खाली उतरली.

"अगं, कुठं निघालीस? लोक बघतायत!"

"बघू देत. किळस येते मला तुमची," ती म्हणाली, मोठ्यानं, भर रस्त्यात, मराठीत. "तुमच्या हातांची येते, तुमच्या हसण्याची येते. आणि इतके दिवस तुमच्या शेजारी बसले, म्हणून माझीही येते. जा तुम्ही."

उन्हानं रस्ता तापला होता. ती मागं फिरून गल्लीत गेली. काकूंचं दार लावलेलं. तिनं कडी वाजवली नाही. वाजवायचा हक्क कुठला होता? पायरीवर बसली, मांडीवर ती जड गाठ घेऊन. शेजारणी सज्ज्यांतून डोकावल्या, आपसांत कुजबुजल्या, आत गेल्या. सावली पायरीवरून सरकून समोरच्या भिंतीला लागली. टांगा दोनदा गल्लीच्या तोंडाशी आला, हणमंतरावांनी हाका मारल्या; तिनं मान वळवली नाही.

उशिरानं आतून आवाज आला. "गेली नाहीस अजून?"

"नाही काकू."

"घरी जा."

"नाही जायचं मला त्या घरी."

मग कडी निघाली. दार वीतभर उघडलं, एक हात बाहेर आला, पाण्यानं भरलेला तांब्या पायरीवर ठेवला आणि दार पुन्हा लागलं. दाराशी आलेल्या कुणाही वाटसरूला देतात, तसं पाणी.

विजयमाला ते पाणी वरून प्यायली, तांब्याला ओठ लागू न देता. मग तांब्या पालथा घातला आणि तिथंच बसून राहिली.